आजीच्या मुठीचं वजन: घरात डिजिटल काटा कसा निवडावा आणि कसा वापरावा

लातूरला आमच्या घरी कैरीच्या लोणच्यात मीठ घालायचा मान आजीचा. फोडी आम्ही करायच्या, मोहरीची डाळ आई निवडायची, पण मिठाच्या बरणीत हात आजीचाच. किती घालतेस विचारलं की उत्तर ठरलेलं, "बसंल तेवढं." तिचं लोणचं वर्षभर टिकतं. तिच्या सांगण्यावरून मी माझ्या घरी घातलेलं लोणचं मात्र लागोपाठ दोन पावसाळ्यांत बुरसलं.

गेल्या मे महिन्यात मी मिठाची बरणीच काट्यावर ठेवली, बटण दाबून आकडा शून्यावर आणला आणि परात आजीसमोर सरकवली.

"हे काय करू लालीस गं?"

"काही नाही आजी. तू घे तुला लागेल तेवढं."

तिनं मूठ भरून फोडींवर मीठ पसरलं. पडद्यावर आलं वजा ८८. मग दुसरी मूठ, तिसरी. मधे फोडी खालीवर केल्या, एक फोड जिभेला लावून पाहिली, थोडं थांबली. सातवी मूठ तिनं अर्धीच घेतली आणि हात झटकला. पडद्यावर वजा ५८६. फोडींचं वजन आधीच करून ठेवलं होतं, ३,२४० ग्रॅम. म्हणजे शंभर ग्रॅम फोडींना अठरा ग्रॅम मीठ. "बसंल तेवढं" म्हणजे अठरा टक्के, हे मला त्या दुपारी कळलं.

घरात काटा का असावा, याचं माझं उत्तर हे आहे. केक-बिस्किटं करणाऱ्यांना तो लागतोच. पण आपल्याकडे ज्यांचा हात बसलेला आहे त्या बायकांचा अंदाज काट्यामुळे आकड्यात उतरवून ठेवता येतो, आणि तो पुढच्या हातात जातो. त्यासाठी काटा बरा हवा आणि वापरायची रीत माहीत हवी. ती इथे सगळी मांडते.

काट्याच्या आत काय असतं

वरची थाळी काढलीत तर खाली बोटभर लांबीची धातूची पट्टी दिसेल. तिचं एक टोक तळाला घट्ट बसवलेलं, दुसऱ्या टोकावर थाळीचा भार. वर काही ठेवलं की पट्टी डोळ्यांना दिसणार नाही इतकी वाकते. तिच्यावर चिकटवलेल्या बारीक तारांच्या जाळ्या तिच्यासोबत ताणल्या जातात, त्यांतून जाणाऱ्या विजेला होणारा अडथळा किंचित बदलतो, आणि तो बदल मोजून आतली चिप ग्रॅम दाखवते. या पट्टीला लोड सेल म्हणतात. काचेच्या सपाट काट्यांत एका पट्टीऐवजी चारही पायांत छोटे लोड सेल असतात.

एवढं लक्षात घेतलं की निम्मे नियम आपोआप समजतात. पट्टी तिच्या ताकदीबाहेर वाकली तर ती परत सरळ होत नाही. म्हणून पोरांनी थाळीवर हात दाबून खेळायचं नाही, काटा वरून पडू द्यायचा नाही, आणि फडताळात त्याच्यावर पातेल्यांची उतरंड रचायची नाही. उष्णतेनंही पट्टी आणि तारा बदलतात, म्हणून गरम कढई थेट वर नको.

विकत घेताना

दोन आकडे वेगवेगळे वाचायचे. एक कमाल वजन, दुसरा सर्वांत लहान टप्पा. "५ किलो, १ ग्रॅम" म्हणजे पाच किलोपर्यंत मोजतो आणि एकेका ग्रॅमनं आकडा बदलतो. चार-पाच माणसांच्या घराला पाच किलोचा पुरतो. मात्र भांड्याचं वजन त्या पाच किलोंतच धरायचं असतं. आमची स्टीलची परात रिकामी ११५० ग्रॅम भरते, म्हणजे तिच्यात पावणेचार किलोच्या वर फोडी गेल्या की काटा अडतो. आकडा शून्यावर आणल्यानं पडद्यावरचं वजन पुसलं जातं, पट्टीवरचा भार तसाच राहतो. पापड, लोणची, वर्षाचा मसाला असं मोठं काम दर उन्हाळ्यात असेल तर दहा किलोचा घ्या. एसएफ-४०० या नावानं मिळणारा पांढरा साधा काटा याच गटातला आहे: दहा किलो, एक ग्रॅम, दोन पेन्सिल सेल.

एक ग्रॅमचा टप्पा म्हणजे एक ग्रॅमची अचूकता, असं मात्र धरून चालू नका. पडद्यावर ५ दिसतात तेव्हा खरं वजन साडेचार ते साडेपाचच्या मधे कुठेही असू शकतं, तेही काटा चोख असेल तर. अर्धा किलो पिठात एक ग्रॅम इकडेतिकडे झाल्यानं काही बिघडत नाही. पाच ग्रॅम हिंगात तोच एक ग्रॅम म्हणजे पाचवा हिस्सा. खायचा सोडा, हिंग, केशर, लवंगेसारख्या जिनसांसाठी खिशात मावणारा वेगळा छोटा काटा मिळतो, ५०० ग्रॅमपर्यंतचा आणि ०.१ ग्रॅमच्या टप्प्याचा. माझं स्पष्ट मत असं की एकच महागडा काटा घेण्यापेक्षा एक साधा मोठा आणि एक साधा छोटा घ्यावा.

थाळी सपाट आणि आकडे थाळीपासून पुढे सरकलेले हवेत. मोठी परात ठेवली की पडदा झाकला जातो आणि वाकून खाली बघावं लागतं. ही अडचण फोटो बघून कळत नाही, तेव्हा दुकानात जाल तर ताट मागून ठेवून बघा. सोबत कटोरा देणारे काटे येतात, पण तो कटोरा पहिल्या महिन्यातच दह्याला लागतो, त्यासाठी जास्त पैसे देऊ नका. सेल कोणते लागतात तेही बघायचं. पेन्सिल सेल किंवा रिमोटचे सेल गावातल्या कोणत्याही दुकानात मिळतात. गोल बटणासारखा सेल लागत असेल तर घड्याळवाल्याकडे जावं लागतं, आणि घरात लहान मूल असेल तर तो सेल त्याच्या हाती लागू देऊ नका. पोटात गेला तर आतून भाजतो.

वजा आकडा दाखवतो का, हे विकत घेतानाच तपासा. डबी ठेवा, शून्य करा, डबी उचला. वजा चिन्हासकट तिचं वजन दिसलं पाहिजे. पुढचं बरंचसं काम याच्यावर अवलंबून आहे. आपोआप बंद व्हायला किती वेळ लागतो तेही बघा. मिनिटभरातच विझणारा काटा पीठ चाळता चाळता हिशेब पुसून टाकतो.

पहिल्या दिवशीच्या चाचण्या

माझा पहिला काटा मी न तपासता वापरला. मधे ठेवलेलं किलोचं वजन १००० दाखवायचा आणि तेच वजन कोपऱ्याला सरकवलं की ९८८. हे कळलं तेव्हा परत करायची मुदत संपून गेली होती. म्हणून काटा आला की त्याच दिवशी अर्धा तास काढा.

तीच वस्तू पाच वेळा ठेवा आणि उचला. आकडा दरवेळी तोच, फार तर एका ग्रॅमनं इकडेतिकडे यायला हवा. मग ती मधे ठेवा आणि चारही कोपऱ्यांना सरकवून बघा. दोन-तीन ग्रॅमपेक्षा जास्त फरक पडला तर काटा परत पाठवा. मग खरं वजन. गल्लीतल्या किराणा दुकानात लोखंडी वजनं असतात, शिक्का मारलेली. ओळखीच्या दुकानदाराला मामा, काका म्हणून विनंती केली तर अर्धा किलो आणि किलोचं वजन दहा मिनिटांसाठी कुणीही देतं, नाहीतर काटाच दुकानात घेऊन जा. आधी अर्धा, मग एक, मग दोन्ही मिळून दीड किलो. तिन्ही ठिकाणी आकडा बरोबर आला तर काटा विश्वासाचा.

लहान वजनांसाठी दहा रुपयांची नाणी उपयोगी पडतात. २०११ नंतरचं, रुपयाचं चिन्ह असलेलं दोन धातूंचं नाणं ७.७ ग्रॅमचं असतं, म्हणजे दहा नाण्यांचे ७७ ग्रॅम. त्याआधीची दहाची नाणी यात मिसळू देऊ नका. पाकीटबंद साखरेनं किंवा मिठानं काटा तपासायला जाऊ नका, पाकिटाचं वजन थोडं कमीजास्त असायची मुभा नियमांतच आहे. त्यावर पुढे येते.

कुठे ठेवायचा

आपल्याकडे बरीच कामं जमिनीवर बसून होतात आणि जमीन शहाबादी फरशीची. फरशी छान दिसते, पण सपाट क्वचितच असते. काट्याच्या चार कोपऱ्यांवर आळीपाळीनं बोट दाबा. कुठे डुगडुगला तर जागा बदला. मी खाली जुना पोळपाट ठेवते, त्याचे तिन्ही पाय टेकतात. सतरंजी, वर्तमानपत्राची घडी, ओट्यावरचं प्लॅस्टिक, यातलं काहीही काट्याखाली नको.

उन्हाळ्यातला मोठा शत्रू कूलर. एप्रिल-मे महिन्यात लोणचं, पापड, मसाला ही सगळी कामं एकदम येतात आणि नेमका तेव्हाच कूलर दिवसभर चालू. रुंद परातीवर त्याचा झोत आला की आकडा थरथरत राहतो, दोन-चार ग्रॅम वरखाली होतो. वजन करण्यापुरता कूलर आणि पंखा बंद करा. मोबाईल काट्याला टेकवून ठेवू नका, चालू इंडक्शन शेगडीजवळ काटा नको. दोन्हींमुळे आकडा भरकटू शकतो.

बटणाची रीत

जुन्या तराजूत एका पारड्याचा झोक काढायला खडा किंवा लोखंडाचा तुकडा बांधायचे, त्याला पासंग म्हणत. टेअर लिहिलेलं बटण म्हणजे तो पासंग. रिकामं भांडं ठेवा, बटण दाबा, शून्य आलं की जिन्नस घाला. दुसरा जिन्नस त्याच भांड्यात घालायचा तर पुन्हा दाबा. थालीपीठाची भाजणी, धपाट्याचं पीठ, मसाल्याचे सुके जिन्नस असे एकाच परातीत एकावर एक मोजता येतात. मात्र आधी एकक बघा. ग्रॅमऐवजी औंस किंवा पाउंड लागलेलं असतं आणि लक्षात येत नाही.

काटा मधेच बंद पडला तर भांड्याचं वजन हरवतं. त्यावर साधा उपाय आहे: नेहमीची परात, पातेलं, डबे यांचं रिकामं वजन एकदा करून तळाला पक्क्या शाईच्या पेननं लिहून ठेवा. आमच्या परातीच्या तळाला ११५० लिहिलेलं आहे. काटा कितीदा बंद पडो, एकूण वजनातून ते वजा केलं की झालं. दुधाच्या पातेल्यात शेवटी खवा किती उरला तेही पातेलं न उपसता कळतं. त्यासाठी पातेलं निवू द्या आणि लाकडी पाटावर ठेवून मोजा, पाटाचं वजन आधी शून्य करून.

चिमटीनं थोडं थोडं घालताना आकडा शून्यावरच अडकलेला दिसतो, हा अनुभव बहुतेकांना येतो. काटा बिघडलेला नसतो. शून्याच्या आसपासचा अगदी हळू बदल म्हणजे हवेचा किंवा उष्णतेचा झोक, असं समजून काटा स्वतःच तो पुसून टाकतो. म्हणून लहान जिन्नस वाटीत घेऊन एकदम ओता, किंवा भांड्याचं वजन शून्य न करता पडद्यावर राहू द्या आणि वाढ मोजा.

मिलिलीटरचं एकक पाण्यासाठी ठीक आहे, दुधासाठी चालून जातं, तेलासाठी चूक. काटा फक्त वजन जाणतो आणि एक ग्रॅम म्हणजे एक मिलिलीटर असं धरतो. तेल पाण्याहून हलकं, एक लिटरच्या पिशवीवर बहुधा ९१० ग्रॅम छापलेलं असतं. मध याच्या उलट, पाण्याच्या जवळजवळ दीडपट जड. द्रव पदार्थही सरळ ग्रॅममध्येच मोजा. पाण्याचा एक उपयोग मात्र जरूर करा. घरातली नेहमीची वाटी काठोकाठ पाण्यानं भरून वजन करा, जितके ग्रॅम तितके मिलिलीटर. आपली वाटी दीडशेची की दोनशेची हे कळलं की वाचलेल्या पाककृतीतल्या वाट्या आपल्या वाटीत बदलून घेता येतात.

हात वहीत उतरवताना

आता मुख्य गोष्ट. जिच्या हाताची चव उतरवायची आहे तिच्या हाताला थांबवू नका. "थांब, आधी मोजू दे" म्हटलं की अंदाज मोडतो, ती जास्तच जपून घालते आणि आकडा खोटा येतो. म्हणून मोजायचं भांडं तिच्यापुढचं नको, ज्यातून ती घेते ते हवं. मिठाची बरणी, तिखटाचा डबा, तेलाची किटली काट्यावर ठेवून शून्य करा. ती घेईल तसा वजा आकडा वाढत जाईल. तिचा हात बरणीतून बाहेर आला, आकडा स्थिरावला, की लिहा. मधे पुन्हा शून्य करू नका, शेवटचा आकडा हीच बेरीज असते. काटा विझू नये म्हणून दर मुठीचा आकडा लगेच टिपून ठेवा. चाखून ती कुठे थांबली तेही लिहा, कारण ते थांबणंच शिकायचं असतं.

फोडींचं वजन केव्हा करायचं याला महत्त्व आहे. कैऱ्या आणल्यावर, देठ-कोयीसकट केलेलं वजन कामाचं नाही. धुऊन, पुसून, फोडून, आतली कोय काढून ज्या फोडी परातीत पडतात त्यांचं वजन म्हणजे शंभर. बाकी सगळं त्याच्या हिशेबात. आजीच्या त्या दिवसाच्या लोणच्याची नोंद अशी आहे: फोडी ३,२४० ग्रॅम. मीठ ५८६, म्हणजे अठरा टक्के. मोहरीची डाळ १९४, सहा टक्के. तिखट १३०, चार टक्के. हळद ३२ आणि मेथी ३३, एकेक टक्का. हिंग १६, अर्धा टक्का. तेल ६५० ग्रॅम, वीस टक्के. यंदा माझ्याकडे फोडी २,१५० ग्रॅम भरल्या, म्हणून मीठ ३८७ ग्रॅम घेतलं. गुणाकार फोनवर होतो, वहीत फक्त टक्के हवेत.

मिठाच्या बाबतीत वजनाचा आग्रह मी का धरते, ते सांगते. आजी खडा मीठ वापरते, मी पाकिटातलं बारीक. खड्यांच्या मधे हवा राहते, त्यामुळे तीच वाटी खडा मिठाची हलकी आणि बारीक मिठाची जड. वाटीनं माप दिलं तर दोघींचं लोणचं दोन चवींचं होणार, हे ठरलेलं. मीठ फोडीतलं पाणी ओढून घेतं आणि बुरशीला लागणारी ओल तिच्या हाती राहू देत नाही. किलोभर फोडींना दीडशे ते दोनशे ग्रॅम ही आपल्याकडची नेहमीची कक्षा आहे, त्याच्या खाली गेलं की लोणचं फ्रिजमध्ये ठेवावं लागतं. माझी दोन्ही बुरसलेली लोणची बहुतेक या कक्षेच्या खालची होती. ती मी जिभेला बेताची लागतील अशी केली होती, आणि ताज्या लोणच्याला जे मीठ बेताचं लागतं ते मुरल्यावर कमी पडतं.

उडदाच्या पापडात काट्याची दोन कामं. पहिलं पापडखाराचं: तो जास्त झाला तर पापड कडवट आणि लालसर होतो, कमी झाला तर फुलत नाही. आमच्याकडे किलो पिठाला ३५ ग्रॅम बसतो. तुमचा खार वेगळा असेल तर आधी पावकिलोचा घाणा करून, पापड तळून बघा आणि मग आकडा ठरवा. दुसरं काम लाट्यांचं. कुटून तेलाच्या हातानं मऊ केलेला सगळा गोळा तोला, बारा ग्रॅमच्या लाट्या धरून किती पापड होतील ते आधीच कळतं. आमच्या किलो पिठाचे सव्वाशेच्या आसपास होतात. सगळ्या लाट्या तोलत बसायचं नाही. पहिल्या चार तोलायच्या, पाचवीपासून बोटं ओळखतात, मग दर वीस-पंचवीसला एखादी तोलून बघायची. जावा-नणंदा, शेजारच्या काकू मिळून लाटायला बसल्या की प्रत्येकीची लाटी वेगळी होते आणि तळताना एक जळतो, एक कच्चा राहतो. लाट्या करायचं काम एकीकडेच आणि काटा तिच्याजवळ, असं केलं की हा प्रश्न उरत नाही.

काळ्या मसाल्याची जुनी यादी कुणाच्या घरी असेल तर ती बहुधा तोळ्यांत असते. इथे एक खाच आहे. सराफाकडचा आजचा तोळा म्हणजे दहा ग्रॅम, पण जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. ऐंशी तोळ्यांचा शेर म्हणजे ९३३ ग्रॅम, पाच तोळ्यांची छटाक ५८ ग्रॅम, आणि पावशेर २३३ ग्रॅम. मेट्रिक वजनं ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं आली, त्यानंतरही लोकांच्या तोंडी पावशेर राहिला, फक्त त्याचा अर्थ अडीचशे ग्रॅम झाला. यादी कोणत्या काळातली ते विचारा. अडीच तोळे लवंग म्हणजे जुन्या हिशेबानं २९ ग्रॅम, नव्या हिशेबानं २५. लवंगेत चार ग्रॅमचा फरक जिभेला कळतो. धान्याचं शेर-पायलीचं माप मात्र यात गुंतवू नका. चिपटं, मापटं, शेर, पायली ही भरून मोजायची मापं आहेत. चार शेरांची एक पायली असली तरी त्या पायलीत ज्वारी किती किलो बसते हे गावाच्या मापावर आणि दाण्यावर ठरतं. आपल्या घरातलं मापटं ज्वारीनं भरून एकदा तोला आणि तो आकडा त्याच्यावरच कोरून घ्या.

मसाल्यातलं दगडफूल अंदाजानं घेऊ नका. ते इतकं हलकं असतं की दहा ग्रॅममध्ये मूठ ओसंडते, आणि डोळ्यांना "एवढंसं" वाटणारं वजन केल्यावर भलतंच निघतं. छोटा काटा इथे काढा. कांडपाला नेताना भाजलेल्या जिनसांचं एकूण वजन लिहून घ्या आणि आणलेला मसाला परत तोला. भाजताना ओल जाते ती वेगळी, कांडपयंत्राला चिकटून राहतं ते वेगळं. दोन-तीन वर्षांच्या नोंदी असल्या की किती घट रीतसर ते तुमचं तुम्हाला कळतं.

काटा बाजूला ठेवायच्या जागा

भाकरीला काटा लावू नका. ज्वारीचं पीठ कालचं की आठवड्याचं, दाणा मालदांडी की संकरित, पाणी किती कढलेलं, यावर पाणी ठरतं आणि ते हातालाच कळतं. फोडणीचंही तसंच.

तान्ह्या बाळाचं वजन स्वयंपाकाच्या काट्यावर करू नये. औषधाची पूडही त्यावर मोजू नये. उन्हाळ्यात जुलाब-उलट्यांवर देतात त्या क्षारसंजीवनीच्या पाण्यात एक लिटरला मीठ २.६ ग्रॅम आणि ग्लुकोज १३.५ ग्रॅम असतं, बाकीचे दोन क्षार धरून २०.५ ग्रॅम. एक ग्रॅमच्या टप्प्याचा काटा २.६ ला ३ दाखवणार. दवाखान्यातलं किंवा औषधाच्या दुकानातलं तयार पाकीटच वापरा.

गॅसच्या टाकीसाठी हुकाचा लटकता काटा वेगळा मिळतो, ५० किलोपर्यंतचा. घरगुती टाकीत १४.२ किलो गॅस असतो आणि रिकाम्या टाकीचं वजन तिच्यावरच लिहिलेलं असतं. दोन्हींची बेरीज करून ताडून बघा, किंवा दारात आलेल्या माणसाला वजन करून दाखवायला सांगा. तो आपला हक्क आहे.

पाकीट आणि विक्री

पाकिटावरचं निव्वळ वजन म्हणजे आवरण सोडून. म्हणून भरलेलं पाकीट तोला, माल काढल्यावर रिकामं पाकीट तोला, वजाबाकी करा. किलोच्या पाकिटाला १५ ग्रॅमपर्यंतची चूक नियमांत धरलेली आहे. एकच पाकीट दहा ग्रॅमनं कमी निघालं म्हणून भांडायला जाऊ नका. एकाच मालाची पाकिटं वारंवार कमी भरत असतील तर ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि जिल्ह्यात वैध मापन शास्त्र विभागाचं कार्यालय असतं.

आणि बचत गटातल्या बायकांना हे खास सांगायचं आहे, कारण लातूर, बीड, परभणीत कितीतरी जणी पापड, शेंगदाण्याची चटणी, येसर, काळा मसाला घरून विकतात. घरगुती काट्यावर तोलून माल विकता येत नाही. विक्रीला लागणारा काटा पडताळलेला आणि शिक्का असलेला हवा, इलेक्ट्रॉनिक काट्याची ही पडताळणी दरवर्षी करून घ्यावी लागते. वैध मापन अधिनियम, २००९ नुसार हा नियम गटालाही तसाच लागू आहे. व्यापारी काटा विकणाऱ्या परवानाधारक दुकानातूनच घ्या आणि शिक्क्याचं प्रमाणपत्र मागून घ्या. मालाची कृती घरच्या काट्यावर बसवायला हरकत नाही, पाकीट भरताना मात्र शिक्क्याचाच काटा.

देखभाल

माझा दुसरा काटा पाण्यानं गेला. डाळ धुतलेलं पातेलं तळाशी ओलं होतं, पाणी थाळीखाली झिरपलं आणि आकडे अर्धे दिसू लागले. तेव्हापासून भांड्याचा तळ पुसून मगच वर ठेवते. काटा नळाखाली धरायचा नाही, ओलसर फडक्यानं पुसायचा आणि लगेच कोरडा करायचा. तिखट-हळदीचा डाग राहिला तर राहू द्या, घासणीनं घासू नका.

आकडा एकाएकी कमी यायला लागला तर दुरुस्तीला धावण्याआधी थाळीच्या कडेखाली बघा. तूरडाळीचा किंवा ज्वारीचा एखादा दाणा तिथे अडकतो, थोडा भार पट्टीऐवजी तोच उचलतो आणि तितकं वजन कमी दिसतं. सुकी टाचणी कडेनं फिरवली की तो निघतो. आकडा हेलकावे खात असेल तर सेल बदलून बघा. पडद्यावर एल-ओ अशी अक्षरं आली तर तेही सेल संपल्याचंच सांगणं असतं. काही काट्यांत आकडा नव्यानं बसवायची सोय असते, पण त्यासाठी अचूक वजन लागतं. साखरेचं पाकीट ठेवून ती करू नका, चांगला काटा कायमचा चुकीचा होईल.

पापड-लोणच्याचा मोसम संपला की काटा खोक्यात आडवा ठेवा, सेल काढून. पाणी सुटलेला सेल आतल्या पत्र्या खाऊन टाकतो. खोक्यातच वही ठेवा, म्हणजे पुढच्या मे महिन्यात दोन्ही एकदम हाती येतील.